सहा छेद आठचं घमेलं

मी एकदा गाण्याला दोनने भाग दिला.

कागदाच्या सुरुवातीला सहा आणि त्याच्या खाली आठ लिहायचं होतं. मी ते आकडे बघितले, हे काही अतिसंक्षिप्त रूप नव्हे असं मनाशी म्हटलं, वरखाली दोनने भागलं आणि ऐटीत तीन आणि चार लिहून मोकळी झाले. भागाकार पुन्हा एकदा तपासलासुद्धा. बरोबर होता. चौथीच्या पोराने एवढं नेटकं गणित केलं असतं तर मी त्याच्या वहीवर लाल शाईने ‘छान’ लिहिलं असतं.

त्या छान गणितामुळे माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं नाव तिच्या स्वतःच्या गाण्यावरून गेलं. आजही आठवलं की माझं डोकं तापतं, आणि आठवायला निमित्त लागत नाही. दाण्याचं कूट करताना आठवतं, गॅसच्या रांगेत आठवतं. डोकं शांत व्हावं म्हणून मी हे लिहायला बसलेले नाही. तापलेलं आहे तोवरच लिहून टाकावं म्हणून बसले आहे.

तेव्हा मी नुकतीच रिटायर झाले होते, म्हणजे अगदी कोवळी होते. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये जन्म गेला. पहिली काही वर्षं राणीसावरगावच्या बाजूला, मग बदल्या होत होत परभणीजवळ. रिटायर झालेली बाई फार धोकादायक असते. दटावायला वर्ग उरलेला नसतो, त्यामुळे ती रिक्षावाल्याला दटावते, भाजीवाल्याचं व्याकरण सुधारते. मी तर नातीबरोबर कीबोर्डच्या क्लासला जाऊन बसायला लागले. नातीला सोडायचं आणि तासाभराने आणायचं, एवढंच माझं काम होतं. पण उन्हात परत कोण येणार? बसले तिथेच एका छोट्या स्टुलावर. बसले म्हटल्यावर शिकणं आलंच. आणि शिकता शिकता इतरांना शिकवणं तर आलंच आलं.

क्लासचे सर पंचविशीतले, मऊ बोलणारे. त्यांचे एक काका मिलिटरीच्या बँडमध्ये होते, त्यांच्याकडून सर पाच रेघांची लिपी शिकलेले. बाकी क्लासवाले पट्ट्यांवर अक्षरांची स्टिकरं चिकटवतात आणि पोरांना माकडासारखं वाजवायला लावतात. हे सर खरोखर वाचायला शिकवत. मला ते आवडलं. मी पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगून टाकलं, ‘सर, तुमची पद्धत चांगली आहे, फक्त फळ्यावरचं अक्षर सुधारा.’ बिचारे ‘हो मॅडम’ म्हणाले.

त्या लिपीत पाच आडव्या रेघा असतात आणि त्यांच्यावर, मधे अंडी घातलेली असतात. अंडं जितकं वर, तितका सूर उंच. पोकळ अंडं म्हणजे सूर चार ठोके धरायचा. त्याला दांडी लावली की दोन. अंडं काळं भरलं की एक. दांडीला शेपूट लावलं की अर्धा. माझा आनंद काय सांगू! पूर्ण, निम्मा, पाव, अष्टमांश. हे तर मी भाकरीचे तुकडे करून जन्मभर शिकवत आले होते! मला वाटलं, संगीत म्हणजे चौथीचं गणितच की, उगाच लोक तंबोरे घेऊन डोळे मिटतात.

डाव्या कोपऱ्यात लय लिहिलेली असते. काळं अंडं, बरोबरची खूण आणि एक आकडा. मिनिटाला असे इतके ठोके. मग रेघा सुरू होतात तिथे पट्टीच्या खुणा. आमच्याकडे पेटीवाले ‘काळी चार’ किंवा ‘पांढरी एक’ म्हणतात, म्हणजे सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर धरायचा. तेच तिथे छोट्या छोट्या चिन्हांनी सांगतात. पांढरी एक असेल तर चिन्ह काहीच नाही, जागा कोरी. काळी चार असेल तर कोमलाची चार चिन्हं, पोट सुटलेल्या काठ्यांसारखी, एकाखाली एक तिरकी उभी. आणि त्यानंतर ते दोन आकडे, एकावर एक. रेघांना मधूनमधून उभे दांडे मारून घरं पाडलेली असतात. त्या एका घरात काय आणि किती मावतं, ते हे आकडे सांगतात.

ज्या दिवशी सर या दोन आकड्यांबद्दल सांगत होते, त्या दिवशी मी शेजारच्या पोराला पाठ ताठ ठेवून बस म्हणून दटावत होते. एवढं एकच वाक्य लिहून मी थांबले तरी चालेल, इतकी माझी चूक त्यात आहे. पण थांबणार नाही, कारण दुसऱ्यांच्याही आहेत.

आता अक्का. ती माझ्याहून बरीच मोठी, पेडगावात राहते. शाळेत गेली नाही. धाकटीनं शिकावं म्हणून मी घरी राहिले, असं ती म्हणते. आई म्हणायची, तिला मास्तरांचं तोंड आवडलं नव्हतं. दोन्ही खरं असेल. आमच्या वस्तीत बुद्धविहार बांधलं तेव्हा रस्त्यापासून पायापर्यंत गाडी जाईना. मग बाया ओळीनं उभ्या राहिल्या आणि वाळू, खडी हातोहात पुढे जायला लागली. एकीनं घमेलं घ्यायचं, वळायचं, पुढचीला द्यायचं. घेतलं, दिलं. घेतलं, दिलं. अक्का ओळीच्या मधोमध उभी होती आणि तिथे उभ्या उभ्या तिनं गाणं केलं.

‘एक घमेलं वाळूचं गं, एक घमेलं खडीचं...’

दुपारपर्यंत चार कडवी झाली. ज्या बाईची पाळी येईल तिचं नाव घालून तिची थट्टाही झाली. विहार उभं राहिलं, घमेली गंजली, गाणं राहिलं. दर जयंतीला, पौर्णिमेला पेडगावच्या बाया ते म्हणतात, आणि ते अक्काचं आहे हे सांगायची कुणाला गरजच पडली नाही. वस्तीत कुणाचं घर कुठलं हे जसं सांगावं लागत नाही, तसंच.

मग परभणीच्या एका समितीनं ठरवलं की जिल्ह्यातल्या महिला मंडळांची गाणी गोळा करून पुस्तक काढायचं. अट अशी की गाण्याबरोबर पट्टी, ताल आणि लय लिहिलेली पाहिजे, आणि तीही पाच रेघांच्या लिपीत, म्हणजे कार्यक्रमात कीबोर्डवाल्या पोरांना वाचून वाजवता येईल. ही बातमी मीच अक्काला दिली.

‘माझं नाव यील का त्यात?’ ती म्हणाली.

‘येईल ना.’

‘छापील?’

‘छापील.’

संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेडगावला कळलं होतं. पिठाच्या गिरणीत, दवाखान्यात, बसथांब्यावर. जन्मभर रोजगारावर गेलेल्या बाईचं छापील नाव म्हणजे मतदार यादीतलं. तेही चुकीचं छापलेलं. तिला हे नाव पाहिजे होतं, आणि ते मागायला ती लाजली नाही. मला तिचं हेच आवडतं.

एका दुपारी मी पेडगावला जाऊन तिच्यासमोर कागद पसरून बसले. ती शेंगा फोडत होती. लय मोजायला नातीनं माझ्या मोबाईलमध्ये एक टकटक करणारं काहीतरी घालून दिलं होतं, ते मी लावलं.

‘ती पाल गप कर आधी,’ अक्का म्हणाली.

‘पाल नाही गं, लय आहे.’

‘मी म्हणायलेय तीच लय हाय. तिला कशाला बोलावलं?’

टकटक बंद केली. विहारातून पेटी आणली होती, तिच्यावर अक्काचा सा शोधला. काळी चार निघाली. पण काळी चार लिहायची म्हणजे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ती चार पोटवाली चिन्हं काढा, ओळीमागून ओळ. माझ्या हाताला कंटाळा आला. म्हटलं, पांढरी एक लिहू, जागा कोरी, कागद स्वच्छ. वाजवणारा घेईल त्याला पाहिजे तिथे. म्हणजे बहिणीचा गळा मी स्वच्छ कागदासाठी हलवला. हेही माझ्याच खात्यात लिहा.

मग घरं. एका घरात शेपटीवाली सहा अंडी भरत होती, हे मी कानानं मोजलं आणि बरोबर मोजलं. सरांच्या पुस्तकात तशाच पानावर सहा आणि आठ लिहिलेलं होतं. म्हणजे तेच लिहायचं. इथपर्यंत मी पोहोचले होते हो! आणि मग ती वरखालीची दोन मला दिसली. आकडे बदलल्यावर नव्या आकड्यांना शोभावं म्हणून अंड्यांच्या शेपट्याही दोन-दोनच्या जोड्यांनी बांधल्या. सुबक काम केलं. वर मोठ्या अक्षरात अक्काचं नाव लिहिलं, खाली पेडगाव लिहिलं.

सरांना दाखवलं. सरांनी कागद बघितला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाले, ‘अक्षर फार सुंदर आहे मॅडम.’

कागद समितीकडे गेला.

पुस्तक छापायला जायच्या आधी समितीच्या संपादकांनी सगळ्या बायांना परभणीला एका हॉलमध्ये बोलावलं. कीबोर्डवाला कागद बघून वाजवणार, बाईनं म्हणायचं, जुळतंय का बघायचं. नेमकी त्याच दिवशी नातीची कीबोर्डची परीक्षा नांदेडला होती आणि मी तिच्याबरोबर गेले. अक्काला म्हटलं, तुझंच गाणं आहे, तुला काय शिकवायचं, जा आणि म्हणून ये. ती शेजारणीला घेऊन गेली. परत आल्यावर फोनवर विचारलं, कसं झालं? ‘झालं,’ म्हणाली. अक्का एका शब्दात उत्तर द्यायला लागली की समजावं काहीतरी बिनसलंय. मला समजलं नाही. मी नातीच्या परीक्षेचं सांगत बसले.

पुस्तक आलं. गुळगुळीत कव्हर, आत पाच रेघा. मी दोन प्रती घेऊन थेट पेडगाव गाठलं. अक्कानं हात धुतले, पदराला पुसले आणि पुस्तक मांडीवर घेतलं. मी पान काढून दिलं.

‘कुठं हाय माझं नाव?’

मी बघितलं. वर बघितलं, खाली बघितलं, पान उलटून मागे बघितलं.

‘नाही,’ मी म्हणाले.

‘मग नावाच्या जागी काय लिवलंय?’

‘पारंपरिक.’

‘म्हंजी?’

‘म्हणजे... कुणी केलं ते माहीत नाही, असं.’

अक्कानं पुस्तक मिटलं. ‘अन् मला इचारायचं न्हाई का?’

मी त्या शब्दावर आजही चिडते. पारंपरिक! कोण ही परंपरा? हिचं रेशनकार्ड कुठल्या गावचं? हिचे गुडघे दुखतात का? अक्का जिवंत आहे, तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ती टाळायलीय, वांग्याच्या भाजीत गूळ घातला तर ती ताट सरकवते. अशी धडधाकट तिरसट बाई समोर उभी राहून गाणं म्हणून गेली, आणि यांनी लिहिलं की गाणं वाऱ्यावरून आलं. विकत घेतलेल्या बिस्किटाच्या पुड्यावरही कारखान्याचा पत्ता असतो.

परका असता तर भांडण सोपं गेलं असतं. संपादक आपल्याच समाजातले, कॉलेजात शिकवून रिटायर झालेले, भाषणात स्त्रियांचा आवाज, स्त्रियांचा हुंकार असले शब्द वापरणारे. मी फोन लावला.

‘सर, माझ्या बहिणीचं नाव का काढलं?’

‘मॅडम, राग मानू नका. आम्ही खात्री करून घेतली. ताईंना म्हणायला लावलं, नोटेशनशी जुळेना. तीनदा संधी दिली. कीबोर्ड एकीकडे, ताई एकीकडे.’

‘मग?’

‘मग काय, गाणं त्यांचं असतं तर त्यांना ते बरोबर म्हणता आलं असतं ना? त्यांनी ते कुठेतरी ऐकलेलं दिसतंय. ऐकीव गाणं असं थोडं इकडेतिकडे होतंच.’

जी बाई ओळीत उभी राहून घमेली फेकत गाणं करते, तिला तिचंच गाणं बरोबर येत नाही! आणि हा हॉलमध्ये बसून तिला तीनदा संधी देतो! मी फोन ठेवला आणि कागदाची प्रत घेऊन सरांच्या क्लासमध्ये घुसले. तिथे पोरं वाजवत होती. मी त्यांना बाहेर काढलं.

‘सर, खरं सांगा. यात काय चुकलंय?’

सर उगाच कीबोर्डची वायर सरळ करायला लागले. ‘मॅडम, ते... आठचं चार का केलं तुम्ही?’

‘संक्षिप्त रूप.’

‘तो अपूर्णांक नसतो मॅडम. वरचा आकडा म्हणजे किती, खालचा म्हणजे कशाचे. सहा छेद आठ म्हणजे अर्ध्या ठोक्याची सहा, पण तीन-तीनच्या दोन गटांत. घरात जोर दोनदाच. आपला दादरा. तीन छेद चारमध्येही तेवढीच मावतात, पण दोन-दोनचे तीन गट. जोर तीनदा. चाल बदलते.’ आणि त्यांनी टेबलावर वाजवून दाखवलं. आधी तीन-तीन. अक्काचं गाणं. मग दोन-दोन-दोन. कुणीतरी लंगडं चालल्यासारखं.

दादरा! मी आईच्या मांडीवर दादरा ऐकत वाढले. कुठल्याही बारशाला, कुठल्याही हळदीला मी तो डोळे मिटून ओळखते. आणि कागदावर आला तर मी त्याला दोनने भागलं. अशा बाईला गाढव म्हटलं तर गाढवाच्या कानांचा अपमान होईल.

‘तुम्ही तेव्हाच बघितलं होतं ना?’ मी विचारलं.

‘हो मॅडम.’

‘मग तोंड शिवलं होतं का?’

‘तुम्ही मोठ्या आहात. बाई आहात. म्हटलं, तुमच्या मनात काही वेगळं असेल.’

काय करावं या नम्रतेला? चूक दिसली, पण बाईंना कसं सांगायचं! मी त्या पोरावर इतकी ओरडले की शेवटी त्याला पाणी मीच आणून दिलं. घरी येताना मात्र एक गोष्ट मनातून जाईना. मी जन्मभर वर्गात अशी बसले होते की माझी चूक दाखवायची कुणाची छाती झाली नसेल. किती पोरांनी ‘अक्षर सुंदर आहे मॅडम’ म्हणून विषय मिटवला असेल?

दुसऱ्या दिवशी पेडगावहून अक्काला घेतलं आणि संपादकांच्या ऑफिसात गेले. वाटेत तिला सगळं सांगितलं. सहा, आठ, भागाकार, सगळं. तिनं खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्हंजी त्या दिशी मी चुकत नव्हते?’

‘नाही.’

‘मला वाटलं, म्हातारपण आलं.’

हे ऐकल्यावर माझं कुणाशीही सबुरीनं बोलणं शक्य नव्हतं.

ऑफिसात एका भिंतीला पुस्तकांचे गठ्ठे रचलेले. संपादक खुर्चीत, त्या दिवशी हॉलमध्ये वाजवणारा कीबोर्डवाला तरुण शेजारी. मी म्हणाले, ‘उठा, दोघेही. ओळीनं उभे राहा. हे गठ्ठे या भिंतीपासून त्या भिंतीला न्यायचेत.’

‘मॅडम, हे काय चाललंय?’

‘ताल. अक्का, म्हण.’

अक्कानं चप्पल काढून कोपऱ्यात ठेवली, पदर खोचला आणि काळी चारमध्ये सुरू झाली. एक घमेलं वाळूचं. जोरावर घ्यायचं, जोरावर द्यायचं. पहिला गठ्ठा अक्काच्या हातून माझ्याकडे आला, मी वळले, तरुणाला दिला, त्याने संपादकसाहेबांना. दुसरा आला. तिसऱ्यापर्यंत साहेबांच्या लक्षात न येता त्यांची मान हलायला लागली होती. घ्यायच्या वेळी हात रिकामा, द्यायच्या वेळी पुढच्याचा रिकामा. कुणी कुणाला थांबवत नव्हतं.

‘आता तुमच्या पुस्तकातलं,’ मी म्हणाले. ‘अक्का, तू गप.’

आणि मी माझ्याच कागदाप्रमाणे म्हणायला लागले, घरात तीन जोर. घे, दे, आणि हा तिसरा कुणाचा? तिसऱ्या जोराला साहेबांच्या हातात आधीचा गठ्ठा तसाच होता आणि तरुण दुसरा घेऊन उभा. मी मागून तिसरा सरकवला. एक गठ्ठा साहेबांच्या पायावर पडला. माझा हात चुकला असं मी तेव्हाही म्हणाले नाही, आजही म्हणणार नाही.

तरुण खाली वाकून पुस्तकं गोळा करता करता म्हणाला, ‘सर, हा दादरा आहे. त्या दिवशी ताई बरोबर म्हणत होत्या. पट्टीपण त्यांना खालची दिली होती आपण.’

साहेब पाय चोळत म्हणाले, ‘म्हणजे चूक तुमच्या नोटेशनची आहे मॅडम.’

‘माझीच आहे. सगळ्यांसमोर सांगते. दोनने भागलं मी.’

‘मग आमच्यावर का चिडता?’

‘कारण माझा कागद आणि ही बाई यांचं जुळलं नाही, तेव्हा तुम्हाला कागदावर शंका आली नाही. कागद कुणी लिहिला ते तरी बघितलंत? एका रिटायर मास्तरणीनं, नातीच्या क्लासमध्ये स्टुलावर बसून शिकलेल्या. आणि तिच्यापुढे जिनं गाणं केलं ती खोटी?’

साहेब म्हणाले, ‘खोटी असं नाही मॅडम. लोकगीत हे शेवटी समूहाचं असतं.’

‘समूहात कोण होतं ते सांगू? मी सगळ्यांची नावं सांगते, लिहून घ्या. गाणं कुणी केलं ते त्यांना विचारा.’

त्यांनी लिहून घेतलं नाही. त्यांनी चहा मागवला. चहा मागवला की भांडण संपलं असं मानणारी ही माणसं. मी घेतला नाही. अक्कानं घेतला, दोन घोट पिऊन म्हणाली, ‘साखर कमी हाय.’

‘पुढच्या आवृत्तीत नक्की बघू,’ साहेब म्हणाले.

‘पुढची कवा?’ अक्कानं विचारलं.

‘ते प्रतिसादावर आहे ताई. दोन-तीन वर्षं...’

‘मग मी तवर ऱ्हाते का न्हाई, ते बी बघून घ्या.’

कीबोर्डवाल्या तरुणालाच लाज वाटली म्हणायची. तो म्हणाला, सर, दुरुस्त केलेलं पान छापून शिल्लक प्रतींवर चिकटवू, एवढं तर करता येईल. साहेबांना नाही म्हणता येईना, कारण गठ्ठे सगळे खोलीभर पसरले होते आणि ते परत रचून देणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं.

मी सरांबरोबर बसून कागद पुन्हा लिहिला. सहा, खाली आठ. शेपट्या तीन-तीनच्या. प्रत्येक ओळीला चार कोमल चिन्हं, एकही न चुकवता, हात दुखेपर्यंत. लय अक्काच्या तोंडून मोजली, मोबाईल पिशवीत ठेवून. वर तिचं नाव. सरांना ताकीद दिली की अक्षराबद्दल एक शब्द बोलायचा नाही, चुका सांगायच्या. त्यांनी तीन सांगितल्या. तिसरी सांगताना तर ते थोडे खूशच दिसले.

पानं छापून आली. नात आणि मी ऑफिसात बसून चिकटवली. त्याआधी ज्या प्रती गेल्या त्या गेल्या. जिंतूरला, चारठाण्याला, गंगाखेडला कुठल्या मंडळात आजही बाया ते गाणं तीन जोरांत, लंगडत, पांढरी एकमध्ये म्हणत असतील आणि वर ‘पारंपरिक’ वाचत असतील. त्या विचारानं माझी झोप आजही बिघडते, आणि संपादक मात्र रोज सकाळी मैदानावर हात हलवत फिरताना दिसतात. मी नमस्कार करत नाही. ते करतात.

चिकटवलेल्या पानाची पहिली प्रत घेऊन मी आणि नात पेडगावला गेलो. अक्का दारात तूर पाखडत होती. नातीनं तिचं बोट धरून नावावर ठेवलं. अक्कानं बोट तिथेच ठेवलं, जरा वेळ. मग खाली रेघांवरून फिरवलं.

‘अन् हे सगळं?’

‘हे तुझं गाणं,’ मी म्हणाले. ‘आता बरोबर लिहिलंय. ताल तुझा, पट्टी तुझी, लय तुझी.’ मी शाबासकीची वाट बघत उभी होते, हे लपवत नाही.

अक्कानं पुस्तक फडताळात, औषधाच्या डब्यामागे ठेवलं, परत येऊन सूप हातात घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘नाव आलं, लय चांगलं झालं. आता मी दुसरं गाणं करायलेय. निम्मं झालंय. पण ते तुझ्यापुढं न्हाई म्हणणार मी. तू लगीच कागुद काढतीस.’